एकेरी गाठ सीटची

मुलुंड (पश्चिम)
३ डिसेंबर १९८५

शिवदास,

वर काय लिहावं ह्यात अर्धा तास गेला. आशीर्वाद लिहिले तर तू म्हणशील, मागितले कोणी. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. आशीर्वाद आहेत असं धरून चाल.

हे पत्र त्या विषयावर नाही. तो विषय मी काढणार नाही. मला तुझी दोन मापं हवी आहेत, एवढंच. पोट आणि सीट. कपडा शिवायचा नाही, दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली.

पोट म्हणजे बेंबीवरून, श्वास सोडून, आत न ओढता. तू ओढतोस, मला माहीत आहे. सीट म्हणजे मागे सगळ्यात जास्त भरतं तिथून. वनमालेला घ्यायला सांग. स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, वाकलं की टेप सरकते.

कारण सांगतो. आमच्या पाच रस्ता नाक्याच्या मागे धर्मादाय दवाखाना आहे. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत, अनुपमाबाई, तिशीच्या आतल्या. मी चक्कर येते म्हणून गेलो होतो. जानकी गेल्यापासून रात्रीचं जेवण कधी असतं, कधी नसतं, त्याची चक्कर असेल. बाईंनी विचारलं, काय काम करत होता. म्हटलं, शिंपी, चाळीस वर्षं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"आजोबा, मला ह्या भागातल्या तीनशे माणसांच्या कमरा मोजायच्या आहेत. माझ्या कंपाउंडरला बायका हात लावू देत नाहीत. पुरुष पोट आत ओढून उभे राहतात. तुम्हाला देतील?"

म्हटलं, "बाई, अर्ध्या मुलुंडची मापं माझ्याकडे आहेत."

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार मी तिथे जातो. एक स्टूल दिलं आहे. चहा मिळतो.

बाईंचं म्हणणं असं. हृदय बंद पडायच्या किती तरी वर्षं आधी शरीर सांगत असतं, पण आपण वजनकाट्याला विचारतो. काट्याला हाड, मांस, चरबी सगळं सारखंच. चरबी किती आहे ते वेगळं मोजावं लागतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कुठे बसली आहे. सीटवर, मांड्यांवर बसली तर तेवढा त्रास नाही. पोटावर बसली तर रक्तात साखर, दाब, आणि मग हृदय. परदेशात अलीकडेच कोणी बारा-तेरा वर्षं माणसांच्या मागे लागून हे काढलं आहे म्हणतात.

हे ऐकल्यावर मला आपला मधला भाऊ बाळा आठवला. कांजूरमार्गच्या कारखान्याच्या गेटवर पडला तेव्हा अठ्ठेचाळीसचा होता. वजन कधी सत्तरच्या वर गेलं नाही, सगळे म्हणाले धडधाकट माणूस गेला. तू आता त्रेपन्नचा. तू बाळ्याच्या बांध्याचा आहेस, मी आईच्या.

दोन आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठव. दुसरं काही लिहू नकोस हवं तर.

त्या दिवशीच्या बाबतीत माझं म्हणणं आजही तेच आहे, की कापडाचा दोष नव्हता. पण तो विषय नाही.

दादा


मुलुंड
२० डिसेंबर १९८५

शिवदास,

उत्तर आलं नाही. पत्ता तोच आहे ना? बोरिवली, गोराईच्या बाजूची कॉलनी, बिल्डिंग सात. पिनकोड मी पोस्टातल्या माणसाला विचारून घातला होता. त्याने कंटाळून सांगितला, चुकीचा सांगितला असेल तर? म्हणून ह्या वेळी दुसऱ्या खिडकीवर विचारला. दोघांनी सारखाच सांगितला.

आपल्या दोघांच्या मधे डोंगर आणि जंगल, एवढंच आहे. कावळा अर्ध्या तासात पोचेल. पत्राला तीन दिवस लागतात आणि मला सात वर्षं लागली.

दवाखान्यातली गंमत सांगतो. बाईंकडे एक चिमटा आहे, परदेशी, वर घड्याळासारखी तबकडी. दंडाच्या मागे, पाठीवर खांद्याच्या हाडाखाली आणि कमरेच्या वर कातडी चिमटीत धरायची, हा लावायचा, काटा किती फिरतो ते बघायचं. सगळी बेरीज करून, वय बघून, एका तक्त्यावरून अंगात शेकडा किती चरबी ते काढतात. भाजीवाली द्रौपदी रांगेत होती. ती म्हणाली, "बाई, हा चिमटा कपडे वाळत घालायचा का माणसं?"

बाई म्हणाल्या, "चरबी मोजायचा आहे, मावशी. दुखत नाही."

"दुखण्याचं नाय वो. मला हा पुरायचा नाय, पोळीच्या तव्याची सांडशी आणा."

रांग हसली. मग द्रौपदी माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुम्ही घ्या माप. तुम्ही मेले गोड बोलता. चौतीस सांगता आणि ब्लाउज बसतो पण."

मी हसलो नाही. बाईंना काही कळलं नाही, पण मला घाम आला. का आला ते पुढे कधीतरी.

माझं स्वतःचं झालं. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या अंगावर चिमट्यात धरायला काही नाही, जेवता की नाही?" म्हटलं, जेवतो. खोटं सांगितलं.

घरी येऊन ट्रंकेतल्या मापाच्या वह्या काढल्या. एकोणीस वह्या आहेत. जानकी रद्दीत घालू म्हणायची, मी घालू दिल्या नाहीत. बाळ्याची मापं शोधली. तो दर दिवाळीला शर्ट शिवायचा, म्हणून वर्षवार लागली आहेत. मी चौथी नापास माणूस, पण आकडे ओळीत लावले की दिसतं. एकोणीसशे साठ साली पोट बत्तीस, सीट छत्तीस. सदुसष्टला पोट पस्तीस, सीट सदतीस. त्र्याहत्तरला दोन्ही अडतीस. शहात्तरच्या दिवाळीला पोट साडेएकोणचाळीस, सीट अडतीसच. पुढची दिवाळी त्याने पाहिली नाही.

म्हणजे सीट जागच्या जागी आणि पोट मागून येऊन तिला ओलांडून गेलं. माझ्याच हस्ताक्षरात आहे, शिवदास. पेन्सिलीने. दर वर्षी मीच लिहिलं आणि मीच वही मिटली.

तुझा शेवटचा आकडा तुझ्या शुभाच्या लग्नाचा, एकोणऐंशी सालचा. पोट साडेएकोणचाळीस, सीट चाळीस. माझ्या टेपने. म्हणजे अर्धा इंच राहिला होता. त्यालाही आता सात वर्षं होतील.

टेलिफोन खात्यात तू बसून काम करतोस. जेवल्यावर लगेच आडवा होतोस, ती सवय आईने लावली. वनमालेला म्हणावं, भातावर तूप वाढताना हात आखडता घे. मी सांगितलं म्हणून सांगू नको.

दोन आकडे.

दादा


मुलुंड
१० जानेवारी १९८६

शिवदास,

आज दवाखान्यात एक गोष्ट झाली. तुला लिहिणार नव्हतो. पण घरी आलो तर कोणाशी बोलायचं? भिंतीवर जानकीचा फोटो आहे, ती नुसती बघते.

बाईंनी वीस माणसांची मापं परत घेतली, स्वतः, आपल्या टेपने. पडताळा म्हणतात त्याला. माझ्या आणि त्यांच्या आकड्यात फरक आला. सगळ्यांत आला, आणि सगळ्यांत माझाच आकडा कमी. मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं. मला वाटलं, संपलं. ह्या वयात पाच रस्त्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

त्यांनी माझी टेप लाकडी फुटपट्टीवर अंथरली. पट्टी पुढे सरकवत सरकवत मोजत गेल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, तुमचा इंच मोठा आहे."

मी पट्टीकडे बघितलं.

"चाळीस इंचाला दीड इंच ताणली गेली आहे ही. किती वर्षांची आहे?"

म्हटलं, जुनी आहे.

मग त्या हसायला लागल्या. मला कळेना, रडावं की काय करावं. त्या म्हणाल्या, "घाबरू नका. तुम्ही पोटही ह्याच टेपने मोजलंत आणि सीटही. मी पोटाला सीटने भागते. दोन्हीकडे खोटं सारखंच आहे, भागाकारात ते उडून जातं. तुमचे तीनशेच्या तीनशे भागाकार बरोबर आहेत."

मला भागाकार येत नाही. पण एवढं कळलं की कोणाचं पोट पुढे गेलं आणि कोणाचं नाही, हे माझी टेप खरंच सांगत होती.

म्हणजे बाळ्याची वहीसुद्धा खरी आहे.

बाईंनी मला नवी टेप दिली. जुनी मी परत मागून घेतली. टेप जुनी झाली की ताणतेच, कापडाची असते. कोणाच्याही हातून होतं. तू हे ध्यानात घे, म्हणजे तुझ्या साडेएकोणचाळीसाचे एकेचाळीस होतात. तेव्हाचे. आताचे किती, ते तूच जाणे.

दादा


मुलुंड
१२ जानेवारी १९८६, रविवार

शिवदास,

परवाच्या पत्रात एक वाक्य खोटं लिहिलं. "कोणाच्याही हातून होतं" असं. पत्र पेटीत टाकल्यावर हात आत घालून बघितला, पोचला नाही. पोस्टमन यायची वाट बघत उभा राहिलो, तर तो म्हणाला, "मास्तर, पेटीत पडलं ते सरकारचं."

म्हणून आता सगळं लिहितो. एकदम लिहितो, नाहीतर राहील.

दुकानात दोन टेपा होत्या. एक पिवळी, नवी, कापायच्या टेबलावर. दुसरी ही, माझ्या गळ्यात. आपला कटर रतन हिला गोड टेप म्हणायचा. गळ्यातल्या घामाने आणि ओढून ओढून ती ताणत गेली, आणि मला ते पासष्ट सालापासून ठाऊक होतं. टाकायला हवी होती. पण माणूस माप देताना आकडा ऐकायला कान टवकारतो. छत्तीस म्हटलं की खूश होतो, अडतीस म्हटलं की पुढच्या वेळी दुसऱ्या शिंप्याकडे जातो. मी गोड टेपने माप घ्यायचो आणि गोड टेपनेच कापायचो. कपडा अंगाला बरोबर बसायचा. कोणाचं नुकसान नव्हतं, असं मी समजत होतो. जानकीचं माप वीस वर्षं वहीत चौतीसच आहे. ती कधी काही बोलली नाही. तिला कळत असणार.

बाळ्या दर दिवाळीला विचारायचा. आरशासमोर हात वर करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "दादा, वाढलंय काय रे मी?"

मी म्हणायचो, "नाय रे. व्हतस तसोच आसस."

आणि आकडा मोठ्याने न सांगता लिहून टाकायचो. जुनी पँट आणली तर आतलं मार्जिन उसवून गुपचूप सैल करून द्यायचो. तो घालून बघायचा आणि म्हणायचा, "बघ, अजून अंगाक होता म्हणजे." शेवटच्या वर्षी मार्जिन संपलं. तेव्हा मी त्याला सांगितलं, कापड धुवून आटलं, नवीन शीव.

बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या काळी तुम्ही आकडा ओरडून सांगितला असता तरी कोणी काही केलं नसतं, पोट म्हणजे खातापिता माणूस असंच समजत होते. त्या भल्या आहेत. त्या बाळ्याला ओळखत नव्हत्या.

आता तो विषय.

शुभाच्या लग्नाची घाई होती. तुझं माप मी गोड टेपने घेतलं, चाळीस सीट वहीत लिहिली, आणि मी हॉलवर आचाऱ्याशी बोलायला गेलो. सफारी कापायला रतनला सांगितलं. गोड टेप माझ्या गळ्यातच गेली, म्हणून रतनने टेबलावरची पिवळी घेतली. त्याचं काही चुकलं नाही, तो कटर, वहीत लिहिलं ते त्याने कापलं. माप एका टेपचं आणि कापणं दुसरीचं. दीड इंच तिथे गेला.

तू विचारशील, शिवताना कळलं नाही का. कळलं. हाताला कळतं. मशीनवर पँट धरली आणि मनात आलं, ही शिवदासच्या सीटला तंग होईल. आत मार्जिन भरपूर सोडायला मी रतनला सांगितलं होतं, तुझ्या कपड्यांत मी नेहमीच जास्त सोडायचो. तासभर बसून उसवली असती तर झालं असतं. दुसऱ्या दिवशी सीमांतपूजन होतं, डोळे मिटत होते. वाटलं, वाकायचं तर आहे एकदाच.

तू जावयाचे पाय धुवायला वाकलास आणि ती मागून कमरेपर्यंत उसवली. आवाज व्याह्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्यांच्याकडची ती जाडी बाई खुर्चीत पदर तोंडाला लावून हसत होती. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता तेव्हा. तू नुसतं विचारत होतास. आणि मी, जन्मभर शिंपीकाम केलेला, भरल्या मांडवात मोठ्याने म्हणालो, "कापडाला काय दोष, पोट आवर की जरा."

मग सगळेच हसले. वनमालेने पुढे होऊन तुझ्या कमरेला उपरणं बांधलं. तू वर न बघता पाय धुऊन पुरे केलेस. जावयाच्या पायावर तुझ्या हातातलं पाणी सांडत होतं ते मी बघत होतो.

ज्या पोराला मी आणि जानकीने आठव्या वर्षापासून वाढवलं, आम्हाला दुसरं नाही म्हणून ज्याला आमचं म्हटलं, त्याला मी स्वतःची शिलाई वाचवायला विकलं. दुसऱ्या दिवशी तू सफारी पिशवीत घालून परत पाठवलीस. जानकी रडली. मी म्हटलं, त्याचा ताठा बघ. तिला टेपचं कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हा तू आलास, मागे उभा राहिलास, आणि हाडं गोळा करायच्या आधी गेलास. तेव्हाही सांगता आलं असतं.

सांगून झालं. कापडाचा दोष नव्हता. तुझाही नव्हता.

दादा


मुलुंड
२ फेब्रुवारी १९८६

शिवदास,

तीन आठवडे झाले. तू वाचलंस की नाही, की वनमाला पत्रं तुला न दाखवता ठेवून देते? तिने ठेवली तरी तिला बोल लावू नको.

मी आता तुझ्या रागाबद्दल काही म्हणत नाही. राग ठेव. माप दे.

आमच्या चाळीखाली दादू इस्त्रीवाला आहे. दिवसभर उभा असतो, सगळे म्हणायचे ह्याला काय होणार. त्याचं पोट सीटच्या पुढे दोन इंच निघालं. बाईंनी रक्त तपासलं तर साखर भरपूर, दाबही वर. आता सकाळी डोंगराच्या पायथ्याशी चालायला जातो, गोळी घेतो, माझ्याकडे येऊन टेप मागतो. काल म्हणाला, "मास्तर, पाऊण इंच उतरलो. खरी टेप आहे ना ही?" म्हटलं, खरी आहे रे. त्याचं माप घेता घेता मी डोंगराकडे बघत होतो. त्या बाजूला तू.

सांगायचं म्हणजे, मापात निघालं म्हणजे माणूस गेला असं नाही. उलट आहे. न मोजता गेला तो बाळ्या.

तुला आकडा लिहून पाठवायचा नसेल, हे मी समजू शकतो. एकदा तुझा आकडा माझ्या हाती दिलास आणि मी काय केलं त्याचं, ते तुला माहीत आहे. म्हणून ह्या पाकिटात दोरा पाठवतो आहे. आई गावाहून आपली मापं अशीच पाठवायची, आठवतं? तिला आकडे येत नव्हते. मुंबईत काका सुतळी उलगडायचे आणि गाठींवरून आपल्या चड्ड्या शिवायचे. तू लहान, तुझी सुतळी सगळ्यात आखूड, ती मी बोटाला गुंडाळून ठेवायचो.

हा दोरा जाड आहे. मी पाण्यात भिजवून, वजन बांधून, वाळवला आहे, ताणणार नाही. एका टोकाला मी गाठ मारली आहे, तिथून सुरुवात. ते टोक बेंबीवर ठेवून दोरा पोटाभोवती फिरवायचा आणि जिथे मिळतो तिथे दुहेरी गाठ मारायची. मग तेच टोक धरून सीटभोवती, तिथे एकेरी गाठ. एकेरी गाठ सीटची, दुहेरी पोटाची. उलट करू नका, नाहीतर मी उगाच आनंदात राहीन.

आकडा कोणाला कळणार नाही. मलाही नाही. मी मोजणार नाही, फक्त कुठली गाठ आधी येते तेवढं बघेन. मला भागाकार येत नाही, पण पुढचं-मागचं कळतं. दुहेरी आधी आली तर मी पुन्हा लिहिणार नाही, तू सुखी राहा.

परत पाठवायला पाकीट आत घातलं आहे, पत्ता लिहून, तिकीट लावून.

दादा


मुलुंड
९ मार्च १९८६, रविवार

शिवदास,

काल दुपारी पाकीट आलं. माझंच अक्षर बघून आधी वाटलं, न घेता परत आलं. मग हाताला आत दोरा लागला.

आत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट फाडून, उलटं करून, उजेडात धरून बघितलं. नव्हती, बरं झालं. चिठ्ठी असती तर मी ती शंभर वेळा वाचून काहीतरी वाकडं काढलं असतं.

लगेच बघितलं नाही. हातपाय धुतले, देवाकडे दिवा लावला, चूल पेटवून भात टाकला. मग खिडकीशी बसून माझ्या गाठीपासून दोरा बोटांतून सोडत गेलो, डोळे मिटून. पुष्कळ दोरा गेला. इतका जाईल असं वाटलं नव्हतं. मग बोटाला गाठ लागली.

एकेरी.

दोन बोटांच्या अंतरावर दुहेरी.

भात करपल्याचा वास आला तेव्हा उठलो.

पण आणखी एक सांगायचं आहे. मला वाटलं होतं, गाठी वनमालेने मारल्या असतील. तिच्या नाहीत. त्या उलट्या फिरवलेल्या आहेत. डावखुऱ्या माणसाच्या गाठी तशा पडतात. दुकानात बटण लावायला शिकवताना ह्याच गाठीवरून मी तुझ्या हातावर पट्टी मारली होती, सुलटी मार म्हणून. तू सुलटी कधी मारलीच नाहीस. चांगलं केलंस. नाहीतर काल मला कसं कळलं असतं?

म्हणजे तू पत्रं वाचलीस. सगळी. आणि उभं राहून, श्वास सोडून, खरं माप दिलंस. मला कोणी इतकं खरं माप कधी दिलं नाही, आणि मी ते घ्यायच्या लायकीचा नव्हतो.

आज सकाळी बाईंच्या घरी गेलो, रविवार असून. त्या म्हणाल्या, दोऱ्यावर इलाज करता येत नाही, माणूस आणा. पुढच्या मंगळवारी, अठरा तारखेला, सकाळी आठ वाजता. उपाशी यायचं, चहासुद्धा नाही. रक्त घेतील, दाब बघतील, हृदयाच्या ठोक्यांचा तो कागद काढतील. त्यांचा तो चिमटा लावतील, गुदगुल्या झाल्या तरी हलू नको. वनमालेलाही घेऊन ये. तिचंही माप मी कधी खरं घेतलेलं नाही.

रात्री माझ्याकडे राहा असं म्हणणार होतो, पण खोली लहान आहे, आणि तुला नको असेल. तरी गादी उन्हात घातली आहे.

ती सफारीची पँट सात वर्षं ट्रंकेत तळाला होती. तुझ्या पिशवीतच. डांबराच्या गोळ्या टाकत होतो, पण पिशवी उघडली नव्हती. आज उघडली. मशीन पुसून तेल घातलं, दिवसभर बसलो. डोळे दिसत नाहीत, सुईत दोरा ओवायला दादूला हाक मारली. त्या दिवशी जो तास बसलो नाही, तो आज बसलो. मागची शिलाई पुरी उसवली आणि आत सोडलेलं सगळं मार्जिन बाहेर काढलं. कापड आतून अजून नवं आहे, बाहेरचा रंग उडाला आहे, तेवढा पट्टा वेगळा दिसेल. चालेल ना? मग दोरा लावून बघितला. मोजलं नाही, नुसता लावला.

सीटला पुरते. पोटाला दोन बोटं कमी पडते. पुन्हा पुन्हा लावून बघितलं, ओढून बघितलं, दोन बोटं कमीच.

माझ्याकडचं कापड संपलं आहे, शिवदास. आत आता काही शिल्लक नाही. राहिलेली दोन बोटं तुला तुझ्या बाजूने आणावी लागतील. सावकाश आण, घाई नाही. पँट खुंटीला लावून ठेवली आहे.

मंगळवारी चहा न घेता निघ.

दादा